थांबलेल्या अणुभट्टीचा न थांबणारा खर्च

यंत्र थांबले की खर्चही थांबला, असा एक सोयीस्कर समज आपल्या सार्वजनिक व्यवहारात रूढ आहे. अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही तो खोडून काढू शकेल. उत्पादन शून्यावर आले तरी स्थिर खर्च शून्यावर येत नाही, हे त्याला पहिल्याच सत्रात शिकवलेले असते. जालन्याच्या औद्योगिक वसाहतीतील पोलाद-कारखानदाराला तर ते शिकवावेही लागत नाही. भट्टी महिनाभर बंद राहिली तरी विजेच्या बिलातील मागणी आकार, कर्जावरील व्याज आणि रखवालदाराचा पगार यांतून त्याची सुटका नसते. तथापि त्याच्या भट्टीला एक सवलत आहे. वीज तोडली की ती थंड होते आणि थंड झालेले लोखंड कोणाचे अहित करीत नाही. अणुभट्टीला ही सवलत नाही. म्हणूनच दीर्घकाळ बंद असलेल्या संशोधन अणुभट्ट्यांची निगा हा प्रश्न जितका शास्त्रज्ञांचा, तितकाच करदात्याचाही आहे.

अणुभट्टीतील विभाजनाची साखळी क्षणात थांबवता येते. परंतु विभाजनातून निर्माण झालेली किरणोत्सारी द्रव्ये उष्णता देतच राहतात. दीर्घकाळ चाललेली भट्टी थांबवल्या क्षणी तिच्या पूर्ण शक्तीच्या सुमारे ६ ते ७ टक्के आणि एका दिवसानंतर अर्ध्या टक्क्याच्या आसपास उष्णता शिल्लक असते. म्हणजे ४० मेगावॅटच्या भट्टीत दुसऱ्या दिवशीही सुमारे २०० किलोवॅट उष्णता काढून घ्यावी लागते. पुढे ती ओसरते, पण मग दुसरा, संथ धोका सुरू होतो. संशोधन अणुभट्ट्यांतील इंधनाला बहुधा ॲल्युमिनियमचे आवरण असते. ज्या पाण्यात हे इंधन ठेवायचे, त्या पाण्यात क्षार वाढले की आवरणाला बारीक छिद्रे पडू लागतात आणि आतील किरणोत्सारी द्रव्य पाण्यात उतरते. त्यामुळे पाणी सतत शुद्ध राखणे, त्याची नियमित तपासणी करणे, वायुवीजन चालू ठेवणे, नियंत्रक दांडे जागच्या जागी अडकवून ठेवणे, झडपा व विद्युत्‌वाहिन्या पाहणे ही कामे भट्टी बंद असतानाही चुकत नाहीत. त्यासाठी माणसे लागतात, आणि तीही प्रशिक्षित.

आपल्या राज्याला हा विषय परका नाही. मुंबईत तुर्भे येथे ‘अप्सरा’ ४ ऑगस्ट १९५६ रोजी कार्यान्वित झाली; कॅनडाच्या साह्याने उभारलेली ४० मेगावॅटची ‘सायरस’ १९६० साली. १९८५ साली सुरू झालेल्या १०० मेगावॅटच्या ‘ध्रुव’ला इंधनकांड्यांच्या कंपनांमुळे लवकरच थांबावे लागले आणि ती पूर्ण शक्तीवर चालली ती १९८८ साली. ‘सायरस’ १९९७ साली नूतनीकरणासाठी थांबवण्यात आली. इंधन बाहेर काढून, जुने भाग तपासून व दुरुस्त करून २००२ साली ती पुन्हा सुरू झाली. हे काम भाभा अणुसंशोधन केंद्रातील अभियंत्यांना निःसंशय भूषणावह आहे. ‘अप्सरा’ २००९ साली थांबली आणि तिची सुधारित आवृत्ती २०१८ साली कार्यान्वित झाली. ‘सायरस’ मात्र अमेरिकेशी झालेल्या अणुसहकार्याच्या वाटाघाटीत ठरल्याप्रमाणे ३१ डिसेंबर २०१० रोजी कायमची बंद झाली. या इतिहासातून एक गोष्ट स्पष्ट दिसते. हेतू ठरलेला, निधी मंजूर आणि माणसे जागेवर असतील, तर बंद भट्टी पाच वर्षेही सुरक्षित राहू शकते.

या तीन अटी सुटल्या म्हणजे काय होते, हे सर्बियातील विंचा येथे दिसले. बेलग्रेडजवळची ही भट्टी १९८४ साली आधुनिकीकरणासाठी थांबवण्यात आली. पुढे युगोस्लाव्हियाचे विघटन झाले, आर्थिक निर्बंध आले, आणि तात्पुरती बंद भट्टी ना चालू, ना मोडीत, अशा अवस्थेत राहिली. वापरलेले इंधन पाण्याच्या टाक्यांत गंजत पडले. अखेर आंतरराष्ट्रीय साह्याने सुमारे अडीच टन इंधन २०१० साली रशियाला रवाना झाले. थोडक्यात, तेथे अपघात असा झालाच नाही. निर्णय लांबत गेला, आणि त्या लांबणीची किंमत कोट्यवधींत मोजावी लागली. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने २००४ साली संमत केलेल्या संशोधन अणुभट्ट्यांच्या आचारसंहितेत दीर्घकाळ बंद अवस्थेचा स्वतंत्र विचार झाला, तो अशाच अनुभवांतून.

या सगळ्याशी जालन्याचा संबंध काय, असे कोणी विचारील. या शहराचा पोलादधंदा मोठ्या प्रमाणात भंगारावर उभा आहे, हेच त्याचे उत्तर. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागातील कोबाल्ट-६० असलेले एक उपकरण १९८५ पासून वापराविना पडून होते. २०१० साली ते लिलावात भंगार म्हणून विकले गेले. मायापुरीच्या बाजारात ते फोडले गेले, अनेक जण आजारी पडले आणि एका कामगाराचा मृत्यू झाला. त्याआधी २००८ साली फ्रान्समध्ये लिफ्टच्या बटणांत कोबाल्ट-६० आढळले. त्यांचे पोलाद भारतातून गेले होते. उपकरण आणि अणुभट्टी यांत आकाराचे अंतर प्रचंड आहे, अणुभट्टी कोणी लिलावात काढत नाही, हे खरे. पण विसरण्याची रीत एकच आहे. ज्या वस्तूचा उपयोग संपतो, तिची जबाबदारीही कागदावरून हळूहळू पुसली जाते, आणि तिचे ओझे शेवटी भंगार निवडणाऱ्या मजुराच्या हातावर येते.

असे का घडते? अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर, चालू भट्टीचा लाभ दिसतो आणि बंद भट्टीच्या निगेचा लाभ दिसत नाही. चालू भट्टी रुग्णालयांना आयोडिन-१३१ देते, शोधनिबंध देते, नव्या पिढीला प्रशिक्षण देते. बंद भट्टीच्या उत्तम निगेचे फलित म्हणजे काहीच न घडणे. आणि काहीच न घडण्यासाठी अनुदान मागणाऱ्याची अर्थसंकल्पात नेहमीच पीछेहाट होते. मराठवाड्यात बंद पडलेले सहकारी साखर कारखाने ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हे वेगळे सांगायला नको. आधी तंत्रज्ञ जातात, मग तेल-वंगण थांबते, आणि पुढे यंत्र पुन्हा सुरू करण्याची भाषा निव्वळ निवडणुकीपुरती उरते. वीज देणाऱ्या अणुकेंद्रांच्या बाबतीत निदान युनिटमागे २ पैसे विघटनासाठी बाजूला काढण्याची पद्धत पडली. संशोधन भट्टी वीज विकत नाही; तिच्या अखेरच्या खर्चासाठी ग्राहकाकडून असा निधी साठू शकत नाही. तिचा भार सरकारी तिजोरीवर, आणि तोही वर्षावर्षाच्या मर्जीवर राहतो.

यावर उपाय अवघड नाहीत. बंद असलेल्या प्रत्येक संशोधन भट्टीच्या निगेची आणि विघटनाची तरतूद अर्थसंकल्पात स्वतंत्र शीर्षाखाली दाखवावी. भट्टी थांबवतानाच ती पुन्हा चालवायची की मोडायची, याच्या निर्णयाची मुदत ठरवावी. ती वाढवायची झाल्यास कारणे लेखी नोंदवावीत. ज्यांनी भट्टी चालवली, त्या तंत्रज्ञांचे ज्ञान ते निवृत्त होण्यापूर्वी नोंदवून पुढच्यांच्या हाती द्यावे. आणि तपासणी बाहेरच्या यंत्रणेकडे असावी. १९८३ साली स्थापन झालेल्या अणुऊर्जा नियामक मंडळाकडून भाभा केंद्रातील सुविधांची देखरेख २००० साली काढून केंद्राच्याच सुरक्षा परिषदेकडे सोपवण्यात आली. त्या परिषदेच्या प्रामाणिकपणाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु आपल्या पेढीचे हिशेब आपणच तपासावेत, ही रीत आपण कोणत्याही सहकारी पतपेढीला मान्य करीत नाही.

राष्ट्रीय सुरक्षिततेच्या नावाखाली या मागणीला विरोध होईल. ‘सायरस’मधील प्लुटोनियम १९७४ च्या पोखरण स्फोटात वापरले गेले, हे ध्यानात घेता काही गुप्तता अपरिहार्य आहे. पण टाकीतील पाणी किती शुद्ध आहे, किती प्रशिक्षित माणसे कामावर आहेत आणि निगेवर किती खर्च झाला, हे सांगितल्याने शत्रूच्या हाती काही लागत नाही. नागरिकाच्या हाती मात्र विश्वास लागतो. नवी भट्टी उभारताना आपण मोठ्या अभिमानाने समारंभ करतो. त्याच वेळी तिच्या निवृत्तीची रक्कमही बाजूला काढली, तर पुढच्या पिढीला आपले कर्ज फेडावे लागणार नाही.