रात्री साडेआठचा योगवर्ग

योग शिकायला पैसे लागतातच असं नाही, हे ठाण्याबाहेरच्या पाहुण्याला चटकन पटत नाही. महिन्याचं पॅकेज, ब्रँडेड मॅट, एसी स्टुडिओ हे सगळं त्याने पाहिलेलं असतं. निकम गुरुजींच्या अंबिका योग कुटीराचे वर्ग मात्र शाळेच्या हॉलमध्ये भरतात, आठवड्यातून एकदा आणि विनामूल्य. बाकं भिंतीला लावायची, सतरंजी अंथरायची की वर्ग सुरू. घंटाळी मित्र मंडळात अण्णा व्यवहाऱ्यांनी घालून दिलेली शिस्तही अशीच, गाजावाजा न करणारी. या दोन संस्थांनी ठाणे-डोंबिवलीच्या किती घरांत नाक धुण्याच्या जलनेतीचं भांडं पोचवलं, याचा हिशेब कुणी ठेवलेला नसेल. २१ जूनच्या, योग दिनाच्या फोटोंत या संस्थांतली माणसं फारशी दिसत नाहीत.

या पट्ट्यातल्या माणसाला योगाची गरज का आहे, ते लोकलच्या डब्यात कळतं. सॅक पुढे पोटावर, उजवा हात वरच्या कडीला, डाव्या हातात मोबाइल आणि मान त्यात खुपसलेली. नशिबाने तिघांच्या बाकावर चौथी सीट मिळाली तरी अर्धं अंग बाहेर आणि सगळा भार एका कुल्ल्यावर. नंतर ऑफिसात आठ-नऊ तास खुर्ची, आणि परतीला पुन्हा तेच. असा माणूस योगवर्गात पहिल्यांदा ताडासनाला उभा राहतो, हात वर नेतो, तेव्हा त्याचे खांदे थेट कानांना भिडतात. शिक्षक मागून येऊन दोन बोटांनी खांदे खाली दाबतात. खांदे एवढे खाली असायचे असतात, हे त्याला चाळिशीत समजतं. पश्चिमोत्तानासनात हात जेमतेम गुडघ्यापर्यंत पोचतात. शवासनात कुणीतरी हमखास घोरतं. चांगले शिक्षक त्याला उठवत नाहीत, आणि माझ्या मते तो वर्गाचा पहिला फायदाच आहे.

आता फायद्यांविषयी. मधुमेहापासून कर्करोगापर्यंत सगळं बरं करून देणाऱ्या व्हॉट्सअ‍ॅप-योगाशी माझं भांडण आहे. पण सिद्ध झालंय तेही काही थोडंथोडकं नाही. जुनाट कंबरदुखीसाठी औषधांआधी जे उपाय करून पाहावेत, त्यांत अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१७ साली योगाचं नाव घातलं. डब्यात उभं राहून कंबर धरलेल्यांना ही बातमी कामाची आहे. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या रुग्णांवर भारतातल्या २४ रुग्णालयांत मोठी चाचणी झाली, ३,९५९ जणांवर. तिचे निष्कर्ष २०२० साली प्रसिद्ध झाले. योगाने पुढचे झटके किंवा मृत्यू ठामपणे कमी झाले, असं तिला म्हणता आलं नाही. पण योग केलेल्यांना स्वतःची तब्येत जास्त बरी वाटत होती आणि ते आपल्या नेहमीच्या कामांकडे जास्त प्रमाणात परतले. एवढं म्हणावं आणि थांबावं. मोजून बोलणं योगाच्या परंपरेला परकंही नाही. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं आणि नौली, म्हणजे पोटाचे स्नायू घुसळण्याची क्रिया, करणाऱ्याच्या पोटातला दाब यंत्राने मोजून दाखवला.

मनाचं म्हणाल तर सगळी वाट श्वासातून जाते. आपण एरवी मिनिटाला पंधराच्या आसपास श्वास घेतो, तो सहापर्यंत सावकाश आणला की रक्तदाबाचा तोल सांभाळणारी शरीरातली यंत्रणा जास्त चांगलं काम करते. इटलीतल्या संशोधकांना २००१ साली असं दिसलं की जपमाळेवरची प्रार्थना म्हणा किंवा मंत्र म्हणा, श्वास आपोआप सहाच्या आसपास येतो. आपल्या आज्यांनी हे प्रयोगाविना केलं. यात खर्च शून्य आहे, पण चार दिवसांत हाती काही लागत नाही. रोजची वीस मिनिटं महिनोन्‌महिने द्यावी लागतात, आणि तिथेच आपलं घोडं अडतं. (रक्तदाब जास्त असेल किंवा काचबिंदू असेल तर यूट्यूब बघून शीर्षासन करू नका, डॉक्टरांना विचारा.)

एकट्याने सातत्य टिकवणारी माणसं विरळा. शेजारच्या सतरंजीवरच्या काकूंनी ‘मागच्या आठवड्यात दिसला नाहीत?’ असं विचारल्यावर पुढचा वर्ग चुकवणं जड जातं. वर्गाचं मोल मला आसनांपेक्षा या चौकशीत जास्त वाटतं. पण पुष्कळ वर्ग सकाळी भरतात. पहाटे साडेचारला उठून डबे करून सातच्या गाडीला धावणाऱ्या बाईने तिथे जायचं कधी? रविवारी तिचा आठवड्याचा धुण्याचा ढीग असतो. साहजिकच वर्गात निवृत्तांची गर्दी होते, आणि ज्यांची पाठ आज मोडते आहे ते त्या वेळी डोंबिवलीच्या फलाटावर असतात.

म्हणून ठाणे आणि कल्याण-डोंबिवली या दोन्ही महापालिकांकडे माझं एकच मागणं आहे. स्टेशनपासून चालत जाता येईल अशा पालिका शाळांचे हॉल आठवड्यातून तीन दिवस रात्री साडेआठ ते साडेनऊ उघडे ठेवा. शिकवायला माणसं आहेत, ती अंबिका आणि घंटाळीसारख्या संस्थांनीच घडवली आहेत. योगाला पोट हलकं हवं, तेही जमतं. जेवण नंतर घरी; दुपारच्या डब्यानंतर पोटात फार तर एक वडापाव असतो आणि तोही सहाचा. अडचण कसली, तर हॉलच्या किल्लीची आणि तेवढा वेळ थांबणाऱ्या शिपायाच्या जादा भत्त्याची. २१ जूनचा मंडप, बॅनर आणि टी-शर्ट यांच्या खर्चातून तो भत्ता सहज काढता येईल.

– चाकरमानी