घरची शुश्रूषा : तोंडातली लाळ ओढताना

पक्षाघाताच्या आजाऱ्याला कधी कधी गिळता येत नाही. लाळ साचून घशात घरघर लागते. मग डॉक्टर घरी सक्शन मशीन ठेवायला सांगतात. नर्सबाईंनी समोर करवून घेतल्याशिवाय मात्र नळी हातात धरू नका हं!

जेवणानंतर लगेच नको, उलटी होऊन ती श्वासनळीत जायची. हात साबणाने धुवावेत, हातमोजे घालावेत. उशाकडची बाजू उंच करून मान कुशीला वळवावी. “आई, लाळ काढते हं,” असं आधी सांगावं. बोलता येत नसलं तरी त्यांना ऐकू येत असतं. नळी गालाच्या आतून फिरवावी, घशात खोल नाही. एका वेळी फार तर १० सेकंद, मग श्वास घेऊ द्यावा. शेवटी स्वच्छ पाणी ओढून नळी धुवावी, बाटली रोज घासावी. ओठ निळे पडले किंवा रक्त आलं, तर थांबून ताबडतोब डॉक्टरांना बोलवावं.