विश्लेषण : अमेलिया एअरहार्ट नेमक्या कशात ‘पहिल्या’?

महिला दिन जवळ आला, की व्हॉट्सअ‍ॅपवर एक फोटो फिरू लागतो. लेदर जॅकेट, आखूड केस आणि खाली ओळ : ‘जगातील पहिली महिला वैमानिक अमेलिया एअरहार्ट. एकटीने विमानातून पृथ्वीप्रदक्षिणा करणारी पहिली स्त्री.’ या ओळीतले दोन्ही दावे चुकीचे आहेत.

पहिली महिला वैमानिक?
नाही. वैमानिकाचा परवाना मिळवणारी पहिली स्त्री म्हणजे फ्रान्सच्या रेमंड द लारोश. तारीख ८ मार्च १९१०. एअरहार्ट यांनी विमान चालवायला शिकणे सुरू केले ते १९२१ मध्ये.

अटलांटिक ओलांडणारी पहिली स्त्री?
हे अर्धे खरे. जून १९२८ मध्ये त्यांनी विमानातून अटलांटिक पार केला, पण प्रवासी म्हणून. विमान विल्मर स्टुल्ट्झ चालवत होते. आपण बटाट्याच्या पोत्यासारख्या नुसत्या बसून होतो, असे त्यांनीच नंतर सांगितले. मे १९३२ मध्ये मात्र न्यूफाउंडलंडहून निघून सुमारे १५ तासांनी त्या उत्तर आयर्लंडमध्ये उतरल्या. या वेळी विमानात दुसरे कोणी नव्हते. एकटीने अटलांटिक पार करणाऱ्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या.

पृथ्वीप्रदक्षिणेचे काय?
ती पूर्ण झालीच नाही आणि त्या एकट्याही नव्हत्या. सोबत दिशादर्शक फ्रेड नूनन होते. कराची, कोलकात्यामार्गे ते न्यू गिनीतील लाएपर्यंत पोहोचले. २ जुलै १९३७ रोजी तिथून हाउलंड बेटाकडे निघालेले विमान बेपत्ता झाले. एकटीने हा पराक्रम पूर्ण केला अमेरिकेच्याच जेरी मॉक यांनी, १९६४ मध्ये, २९ दिवसांत.

एवढ्याने काय बिघडते?
फॉरवर्ड होता होता आधी ‘प्रवासी म्हणून’, ‘प्रयत्न केला’ हे शब्द गळतात. मग लारोश आणि मॉक ही नावेच गळतात. नुकसान एअरहार्ट यांचेही होते. जानेवारी १९३५ मध्ये हवाई ते कॅलिफोर्निया हे अंतर एकट्याने पार करणाऱ्या त्या पहिल्या वैमानिक होत्या, स्त्री-पुरुष दोघांत. हा खरा विक्रम त्या मेसेजमध्ये नसतो.

त्यामुळे ‘पहिली’ हा शब्द दिसला, की फॉरवर्ड करण्याआधी तीन प्रश्न विचारा : कशात, कधी आणि एकटीने का?