डिझेलला आणि पगाराला देणगी द्या

शाळेची खोली बांधायची आहे म्हणून देणगी मागायला गेलं, तर आपल्याकडे चेक मिळतो. सभामंडपासाठी गेलं, तर मागण्याआधीच मिळतो. पण वस्तीतल्या मुलामुलींना वयात येणं, पाळी, गर्भधारणा, निरोध याबद्दल नीट, न लाजता सांगणाऱ्या कार्यकर्तीचा पगार द्यायचा आहे म्हणून गेलं, तर चहा मिळतो. "काम चांगलं आहे हो तुमचं, पण घरी काय सांगू कशाला पैसे दिले म्हणून?" हे मी अनेक घरांत ऐकलं आहे. समुद्रातल्या पोवळ्यांसाठी मागायला गेलं, तर मंगळाच्या अंगठीतलं पोवळं सोडून दुसरं पोवळं असतं, इथपासून सुरुवात करावी लागते.

एक काम लाजेच्या आड राहतं आणि दुसरं पाण्याच्या आड. दोन्हींचा फोटो निघत नाही, दोन्हींवर कोनशिला बसत नाही. म्हणून आज या दोन कामांसाठी तुमच्याकडे मागणं मांडतो आहे.

आपल्याच इतिहासातलं एक घर बघा. धोंडो केशव कर्व्यांनी स्त्रियांच्या शिक्षणासाठी आयुष्यभर वर्गणी गोळा केली. सुरुवातीला लोकांनी त्यांचाही छळ केला, पण 1920 साली सर विठ्ठलदास ठाकरसींनी आईच्या नावाने महिला विद्यापीठाला 15 लाख रुपये दिले. त्यांचेच चिरंजीव रघुनाथराव यांनी 1921 साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. लंडनमध्ये मेरी स्टोप्सबाईंचा दवाखाना निघाला तेही हेच वर्ष. म्हणजे आपण जगाच्या मागे नव्हतो. पण रघुनाथरावांना ठाकरसी भेटले नाहीत. त्यांची प्राध्यापकी गेली, त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले, दंड झाला. 1934 च्या खटल्यात डॉ. आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले, तरी निकाल विरोधातच गेला. 1927 साली सुरू केलेलं 'समाजस्वास्थ्य' मासिक त्यांनी 1953 साली मरेपर्यंत पदरमोड करून चालवलं, आणि घर चालवण्याचा भार पत्नी मालतीबाईंनी उचलला. वडिलांच्या कामाला समाजाने शेवटी पैसा दिला, मुलाच्या कामाला दिला नाही. त्याची किंमत आपल्या बायकांनी मोजली. 1989 साली डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा 92 टक्के स्त्रियांना जननेंद्रियांचा काही ना काही आजार निघाला. त्यांपैकी तपासणी पूर्वी कधी झाली होती ती फक्त 8 टक्क्यांची.

आता कुणी विचारेल, की मुलींच्या आरोग्याचा आणि पोवळ्यांचा संबंध काय? जगात काही मोठी प्रतिष्ठानं या दोन्ही कामांना पैसा देतात. संगणकाच्या धंद्यातल्या डेव्हिड पॅकार्ड आणि ल्युसिल पॅकार्ड यांनी 1964 साली काढलेलं प्रतिष्ठान त्यांपैकी एक. ते असं का करतात, हे समजायला मादागास्करच्या किनाऱ्यावर जावं लागेल.

त्या बेटाच्या नैर्ऋत्येला अंदावादोआका नावाचं गाव आहे. तिथले वेझो लोक समुद्रावर जगतात. त्यांच्या होड्या लाकूड कोरून केलेल्या, बाजूला आपल्या कोकणातल्यासारखी उलांडी. उधाणाच्या ओहोटीला पोवळ्यांचा खडक उघडा पडला की बायका काठी घेऊन ऑक्टोपस शोधायला जातात आणि तो विकून घर चालतं. खडकावर ऑक्टोपस कमी व्हायला लागला तेव्हा ब्लू व्हेंचर्स या संस्थेच्या मदतीने गावाने 2004 साली खडकाचा एक तुकडा सात महिने बंद ठेवला. कायमचा नाही, फक्त सात महिने. ऑक्टोपस फार भराभर वाढतो, त्यामुळे उघडल्यावर हाती आला तो चांगलाच मोठा निघाला. आपल्याकडे 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते आणि नारळी पौर्णिमेला होड्या पुन्हा लोटतात. थांबलं तर मिळतं, हे कोळ्याला शिकवावं लागत नाही. शेजारच्या गावांनी ते बघितलं, आणि 2006 च्या सुमाराला वीसहून जास्त गावांनी मिळून वेलोन्द्रियाके नावाचं स्वतःचं राखीव समुद्रक्षेत्र उभं केलं. नियम गावांनी ठरवले, राखणही गावांचीच.

हे चालू असताना बायकांनी दुसरीच अडचण सांगितली. पाळणा लांबवायचं साधन हवं, तर दवाखाना 50 किलोमीटरवर, वाटेत रस्ता नाही. समुद्र राखायला आलेल्या संस्थेला 'हे आमचं खातं नाही' म्हणता आलं असतं. त्यांनी तसं म्हटलं नाही. 2007 साली गावात छोटा दवाखाना सुरू झाला, मग गावातल्याच बायकांना शिकवून गोळ्या, निरोध, इंजेक्शन गावोगाव पोचवायला लागले. कार्यक्रमाचं नाव ठेवलं 'सफिदी'. त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ निवड. सुरुवातीला दहातली एक बाई साधन वापरत होती, सहा-सात वर्षांत निम्म्याहून जास्त वापरायला लागल्या. होडी तीच, डिझेल तेच, गावाचा विश्वासही तोच. दोन कामांना दोन वेगळे खर्च लागले नाहीत.

इथे एक धोका आहे आणि तो स्पष्ट सांगतो. "पोरं कमी झाली की मासे वाचतील" असा हिशेब मनात ठेवून कुणी या कामाला पैसा देणार असेल, तर त्याने तो देऊ नये. 1976 साली आपल्या देशात नसबंदीचे आकडे ठरवून दिले, तेव्हा काय झालं हे आजही लोक विसरलेले नाहीत. माणसाच्या शरीराला आकड्याच्या मागे लावलं की जुलूम होतो, मग कारण राष्ट्राचं असो की समुद्राचं. शिवाय पोवळी मरत आहेत ती वेझो बाईला सहा मुलं झाली म्हणून मरत नाहीत. पोवळ्याच्या पेशीत एक शैवाल राहतं, ते त्याला अन्न आणि रंग देतं. पाणी जास्त तापलं की पोवळं त्या शैवालाला बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं. तसंच आठवडेच्या आठवडे राहिलं तर मरतं. पाणी तापतं ते कोळशाने आणि तेलाने. 2023 पासून जगभरातली पोवळी चौथ्यांदा अशी पांढरी पडली, 2024 साली आपलं लक्षद्वीपही त्यात होतं. मुलीला निवड मिळाली पाहिजे, कारण ती तिचा हक्क आहे. समुद्र राखला पाहिजे, कारण त्यावर गावं जगतात. समुद्रतळाच्या एक टक्क्याहून कमी जागेत ही पोवळी आहेत आणि समुद्रातल्या जवळपास पाव जाती आयुष्यात कधी ना कधी त्यांच्या आधाराने राहतात. दोन्ही कामं आपापल्या पायावर खरी आहेत. गाव एकच असेल तर ती एकत्र करावीत, एवढंच.

आपल्याकडे काय आहे ते बघा. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या पाण्यात पोवळी आहेत. विजयदुर्गपासून सुमारे 100 किलोमीटर समुद्रात आत, पाण्याखाली, कान्होजी आंग्र्यांच्या नावाची अँग्रिया बँक आहे आणि तिच्यावर पोवळ्यांचं मोठं रान आहे. आरमाराचा अभिमान आपण सांगतो, त्याच आंग्र्यांच्या नावाचं हे रान आपल्यातल्या किती जणांना माहीत आहे? मालवणचं सागरी अभयारण्य 1987 साली कागदावर झालं, पण मच्छीमारांना विश्वासात घेतलं गेलं नाही आणि विरोध धुमसत राहिला. वेलोन्द्रियाकेत आधी गाव चर्चेला बसलं आणि मग नियम झाला. हा फरक पैसे देणाऱ्याने लक्षात ठेवावा.

मुलींचं म्हणाल, तर 2019-21 च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातल्या 20 ते 24 वयाच्या शंभरातल्या जवळपास 22 जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं निघालं. परभणी आणि बीडमध्ये शंभरात चाळीसहून जास्त. ऊसतोडीला उचल मिळते ती जोडीला, म्हणजे एका कोयत्याला. पोरगी एकटी पालावर ठेवता येत नाही, म्हणून तिचं लग्न लावून टाकतात. 2007 साली आपल्या राज्याने शाळांतलं लैंगिक शिक्षण थांबवलं. सरकारी रुग्णालयांत किशोरवयीनांसाठी 'मैत्री' नावाची केंद्रं आहेत, पण त्या दारापर्यंत मुलीला सोबत लागते. पैठण तालुक्यातल्या पाचोडला एका संस्थेने नव्वदच्या दशकाच्या शेवटी अविवाहित मुलींचा वर्ग घेतला. रोज संध्याकाळी एक तास, वर्षभर, शिकवायला गावातलीच थोडी शिकलेली बाई. चारेक वर्षांत तिथल्या मुलींचं लग्नाचं वय सोळावरून सतरावर आलं. आकडा लहान दिसतो. ज्या मुलीला ते एक वर्ष मिळालं तिच्यासाठी लहान नाही.

अशा कामांमागे बरीच वर्षं परदेशी पैसा होता. आता तो आटतो आहे. कुटुंबनियोजनाला जगात सगळ्यात जास्त मदत देणारं सरकार अमेरिकेचं होतं. 2025 च्या जानेवारीत त्यांनी परदेशी मदत रोखली आणि जुलैत ती मदत वाटणाऱ्या यूएसएआयडी या सरकारी संस्थेचा कारभार बंद झाला. आपल्याकडे 2020 साली परदेशी देणग्यांचा कायदा बदलला. मोठ्या संस्थेने परदेशी निधीतून लहान संस्थेला पैसे देण्यावर बंदी आली आणि कार्यालयीन खर्चाची मर्यादा 50 टक्क्यांवरून 20 टक्क्यांवर आली. तालुक्यातल्या ज्या छोट्या संस्थेला पुण्या-मुंबईच्या मोठ्या संस्थेमार्फत पैसा पोचायचा, तिची वाट बंद झाली. कायद्याचे वाद वकील घालतील. तिथल्या आरोग्यसेविकेचा पगार कुणी द्यायचा, हा प्रश्न मात्र आपला आहे.

तर द्या. पण कसे द्यायचे तेही सांगतो.

पगारासाठी द्या, डिझेलसाठी द्या, हिशेबनिसासाठी द्या. 'सगळे पैसे थेट लाभार्थींवरच खर्च करा' अशी अट घालू नका. या कामात बाई हाच खर्च आहे. मुलीच्या घरी दहादा जाऊन तिच्या आजीचा विश्वास मिळवते ती बाई. तिला महिन्याच्या एक तारखेला पैसे मिळाले नाहीत तर ती दुसरं काम धरते, आणि विश्वास तिच्यासोबत जातो. म्हणून एकदम पन्नास हजार देऊन मोकळं होण्यापेक्षा महिन्याला पाचशे किंवा हजार द्या, तीन वर्षं, बँकेला स्थायी सूचना देऊन.

मुलींचे फोटो आणि 'यशोगाथा' मागू नका. सोळा वर्षांची मुलगी कुणाकडे काय विचारायला आली, हे देणगीदाराला कळण्याचं काही कारण नाही. संस्था स्वतःहून तसे फोटो दाखवत असेल तर तिथे देऊ नका. वर्षाचा लेखापरीक्षण अहवाल मागा, तो मागायचा तुम्हाला हक्क आहे, आणि शक्य झालं तर एकदा जाऊन या.

पोवळ्यांच्या कामात 'एक पोवळं दत्तक घ्या' म्हणून प्रमाणपत्र देणाऱ्यांना विचारा, दोन वर्षांपूर्वी लावलेल्यांपैकी आज किती जिवंत आहेत? गावाचं सांडपाणी कुठे जातं? मच्छीमार संघटना बरोबर आहे का? उत्तर सरळ आलं तर द्या. आणि मालवण-तारकर्लीला जाल तेव्हा पोवळ्यावर पाय देऊ नका, नाखव्याला खडकावर नांगर टाकू देऊ नका. त्याला पैसे पडत नाहीत.

कंपनीत असाल, तर 2013 च्या कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्याच्या दोन टक्के समाजासाठी खर्चावे लागतात. त्यात आरोग्यही बसतं आणि पर्यावरणही. हा खर्च ठरवणाऱ्या समितीवरच्या माणसाला लेखी विचारा, आपण या दोन विषयांना किती दिलं? परदेशात राहत असाल आणि पासपोर्ट अजून भारतीय असेल, तर तुमच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेला पैसा कायद्याने परदेशी देणगी धरला जात नाही, तो कुठल्याही लहान संस्थेला देता येतो. पासपोर्ट बदलला असेल, तर मात्र परदेशी देणगी घेण्याचा परवाना असलेली संस्थाच शोधावी लागेल. करसवलतीचं म्हणाल तर ती जुन्या करपद्धतीत मिळते, आणि रोख दिलेल्या दोन हजारांवरच्या रकमेला मिळत नाही. सवलत मिळाली नाही तरी द्या.

तुमच्या जिल्ह्यात असं काम करणारी एखादी संस्था असेलच. फोन करा आणि हिशेब बघणाऱ्या माणसाला एवढंच विचारा, की गेल्या महिन्याचा आरोग्यसेविकेचा पगार झाला का? झाला नसेल, तर तो तुम्ही भरा.