बक्षीस नको, यादी हवी

कादंबरीच्या पुरस्कारांचा मराठीत तुटवडा नाही. राज्य वाङ्मय पुरस्कारांत ह. ना. आपटे यांच्या नावाचा आहे, पहिल्या कादंबरीसाठी श्री. ना. पेंडसे यांच्या नावाचा वेगळा आहे. साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार २०११ पासून दिला जातो. २०२४ मध्ये तो तुळजापूरच्या देविदास सौदागर यांच्या ‘उसवण’ला मिळाला. शिवणकाम करून जगणाऱ्या माणसाने शिंप्याच्याच आयुष्यावर लिहिलेली कादंबरी. आनंद झाला. पण हे सगळे मान छापून झालेल्या पुस्तकाचे. नंदुरबार जिल्ह्यात धडगाव किंवा मोलगीला एखादा शिक्षक तीनशे पानांचे बाड घेऊन बसला असेल, तर त्याला या पुरस्कारांचा उपयोग शून्य. आधी छाप, मग ये.

छापायचे कसे, हे आपण व्यवसायातली माणसे चांगलेच जाणतो. खर्च लेखकाचा, प्रती लेखकाच्या घरी, आणि त्यातल्याच काही पुन्हा लेखकाच्या टपालखर्चाने पुरस्कार समित्यांकडे. पैशांपेक्षा मोठे नुकसान असे, की या साऱ्यात ती कादंबरी कोणी वाचलेलीच नसते. ज्या प्रकरणापाशी संपादकाने ‘इथे थांबा’ म्हणायचे, ते तसेच छापले जाते.

हस्तलिखित वाचण्याची एक व्यवस्था आपल्याकडे आहे, ती म्हणजे राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना. पहिलेच पुस्तक असणाऱ्याचे लेखन तज्ज्ञ वाचतात आणि निवडलेल्याला छपाईसाठी अनुदान मिळते. योजनेचे मोल आम्ही कमी लेखत नाही. पण अनुदानाने पुस्तक छापून होते. ते दुकानापर्यंत नेणारा आणि लेखकाला दुसऱ्या कादंबरीसाठी हाताशी धरणारा प्रकाशक मिळतोच असे नाही.

नाटकवाल्यांनी हे कोडे आपल्याआधी सोडवले. राज्य नाट्य स्पर्धा आणि १९६३ पासूनचा पुरुषोत्तम करंडक यांत न छापलेली संहिताही थेट रंगमंचावर जाते. तेंडुलकरांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ रंगायनने १९६७ मध्ये राज्य स्पर्धेसाठीच उभे केले. कादंबरीला असा रंगमंच नाही.

शेजारी पाहा. केरळात डीसी बुक्स अप्रकाशित कादंबऱ्यांची स्पर्धा घेते. सोनिया रफीक यांची ‘हर्बेरियम’ २०१६ मध्ये तिथूनच पुढे आली. कन्नडमध्ये कथाकार वसुधेंद्र यांचे छंद पुस्तक नव्या कथाकाराचे हस्तलिखित निवडते आणि स्वतःच छापते. दूर ब्रिटनमध्ये ‘डेब्यू डॅगर’ स्पर्धेने सुरुवातीचे ३००० शब्द आणि कथानकाचा सारांश एवढ्यावर परीक्षा घेतली. केंब्रिजच्या लूसी कॅव्हेंडिश कॉलेजच्या स्पर्धेचे उदाहरण तर आपल्या कामाचे आहे. गेल हनीमन यांची ‘एलिनॉर ऑलिफंट इज कम्प्लीटली फाइन’ २०१४ मध्ये तिथे फक्त अंतिम यादीत होती. बक्षीस दुसरीला गेले, एजंट मात्र हनीमनना मिळाली आणि पुस्तक जगभर खपले. एजंट ती यादी वाचत होते, म्हणून हे झाले.

मराठीत एजंट नाहीत, आणि इतक्या थोड्या प्रतींच्या धंद्यात ते जगतीलही कसे? त्यामुळे यादी वाचण्याचे काम प्रकाशकाचेच. रा. ज. देशमुखांनी १९६३ मध्ये ‘कोसला’ काढली, तेव्हा जळगाव जिल्ह्यातल्या सांगवीच्या पंचविशीतल्या भालचंद्र नेमाड्यांच्या नावावर एकही पुस्तक नव्हते. अशी नजर नशिबाने भेटते. चार-पाच प्रकाशकांनी मिळून दरवर्षी हस्तलिखितांची एक यादी केली आणि ती एकमेकांत फिरवली, तर निदान नशिबावर भिस्त राहणार नाही.

परीक्षक निवडताना मात्र सगळे पुण्या-मुंबईचे नकोत. नंदुरबारच्या लेखकाची पात्रे भिलीत, पावरीत, मावचीत, अहिराणीत बोलणार. मणिबेलीचे बुडिताचे पाणी, काठीची होळी, ऊसतोडीला गुजरातेत जाणारी कुटुंबे हे त्याचे जग. ‘बोली जड जाते’ असा शेरा मारून बाड परत करणे फार सोपे असते. शहाद्याच्या श्रमिक चळवळीतून आलेल्या वाहरू सोनवणे यांच्या ‘गोधड’ने कवितेपुरता तो शेरा खोटा ठरवला आहे. यादी करणाऱ्यांत त्या भाषा घरात बोलणारा एक तरी वाचक हवा, आणि त्याला वाचनाचे मानधनही. फुकट वाचून घेण्याची सवय आपल्याला आहे, म्हणून हे वेगळे लिहिले.

प्रवेश शुल्क घेऊन सहभागी झालेल्या प्रत्येकाला सन्मानचिन्ह वाटणाऱ्या स्पर्धांबद्दल आम्ही लिहीत नाही. त्या कोणाच्या चरितार्थासाठी आहेत हे सगळ्यांना ठाऊक आहे.

कोणा प्रकाशकाची हस्तलिखितांसाठी अशी योजना सुरू असेल, किंवा सुरू करायची असेल, तर त्यांनी चार गोष्टी कळवाव्यात: शुल्क किती, वाचणार कोण, निकाल कधी, आणि नाकारलेल्या लेखकाला दोन ओळींचे तरी कारण लिहून जाणार की नाही. पुढल्या अंकापासून ही माहिती आम्ही विनामूल्य छापू. चौथ्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेल, तर तेही छापू.