सुताचा भाव आणि ऑगस्टचा पाऊस

यंत्रमागाच्या धंद्यातला माणूस सकाळी उठून सुताचा भाव विचारतो. पाऊस कुठे आणि किती झाला, ही चौकशी शेतकऱ्याने करावी असे आपण धरून चाललो आहोत. मालेगाव, भिवंडी, इचलकरंजी, कुठेही हीच रीत. आमच्या मते ही रीत घाट्याची आहे. सूत गिरणीत निघते हे खरे, पण त्याचा भाव यवतमाळ, परभणी, जळगावच्या काळ्या जमिनीत ठरू लागतो, आणि तोही सूत आपल्या मागावर चढण्याच्या कित्येक महिने आधी.

महाराष्ट्रातला बहुतेक कापूस कोरडवाहू, म्हणजे आभाळाच्या भरवशावर. जूनमध्ये पाऊस लांबला तर पेरणी लांबते. पेरून झाल्यावर दडी मारली तर दुबार पेरणी, म्हणजे बियाण्याचा खर्च दोनदा. तरीही आमच्या अनुभवात जूनपेक्षा ऑगस्ट महत्त्वाचा. पाते-फुले लागण्याचा तो काळ. जमिनीत ओल नसली की झाड स्वतःचे ओझे हलके करते आणि पाते गळतात. पुढे पाऊस आला तर नवे पाते धरते, पण त्याचे बोंड उशिरा येते आणि थंडीत नीट भरत नाही.

म्हणून पावसाची नुसती बेरीज सांगून भागत नाही. २०२३ साली देशात मोसमी पाऊस सरासरीच्या ९४ टक्के झाला. ऐकायला तूट मामुली वाटते. पण त्या वर्षीचा ऑगस्ट १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट होता. सरासरी पाहून खरेदी करणारा व्यापारी अशा वर्षी फसतो.

जास्त पावसाचे दुखणे वेगळे. २०२१ च्या सप्टेंबरअखेरीस ‘गुलाब’ चक्रीवादळ आंध्रच्या किनाऱ्यावर आले आणि त्याच्या उरलेल्या जोराने मराठवाड्यात शेते पाण्याखाली गेली. वेचणी तोंडावर असताना असा पाऊस झाला की बोंडे झाडावरच सडतात. जो कापूस हाती येतो तो डागी आणि ओला. सरकारी खरेदीत ८ टक्क्यांपर्यंत ओलावा चालतो, त्यापुढे भाव कापतात आणि १२ टक्क्यांवर माल परत. एक क्विंटल कापसातून रुई निघते साधारण ३४-३५ किलो, त्यातही पाण्याचे वजन धरले तर जिनवाल्याच्या पदरी काय पडणार? आणि दुष्काळातला कापूस कोरडा म्हणून चांगला, असेही नाही. त्याचा तंतू कच्चा राहतो, रंग सारखा पीत नाही. रंगाईनंतर कापडावर पांढरट ठिपके दिसले की आपण रंगारी कारागिराशी भांडतो. त्याचा कसूर असेलच असे नाही. आमचे पिंजारी-मन्सुरी बांधव रुई चिमटीत धरून तिची जात सांगतात. ताग्याचा सौदा करणाऱ्या आपण लोकांनी ती नजर गमावली आहे.

आता भावाचे पाहू. मे २०२२ मध्ये ३५६ किलो रुईची खंडी एक लाख रुपयांच्या वर गेली. देशातले पीक उणे आणि जगाच्या बाजारातही तेजी. सूत महाग, कापडाला उठाव नाही, अशा कात्रीत मागवाला सापडला. त्या हंगामात कापसाने क्विंटलला दहा हजार ओलांडले होते, पण ज्याची बोंडे सडली त्याच्याकडे विकायला होते काय?

२०२५ मध्ये उलटे झाले. ऑगस्टमध्ये केंद्राने कापसावरचे ११ टक्के आयातशुल्क वर्षअखेरपर्यंत उठवले. सप्टेंबरात मराठवाड्यात अतिवृष्टी झाली, जमिनी खरवडून गेल्या. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये असताना खुल्या बाजारात त्याहून कमी भावाने माल विकला गेला. आपल्या बाजारात पुष्कळांनी समाधान मानले की सूत आटोक्यात राहील. हा आनंद आम्हाला पटत नाही. बीड-जालन्याच्या खेड्यातला दुकानदार आपल्याकडून साडी, लुंगी, अस्तर उधारीवर नेतो. त्याचे गिऱ्हाईक कोण? तोच कापूसवाला. पहिल्या वेचणीचा पैसा दिवाळीच्या सुमारास घरात येतो, त्यावर लग्नसराई होते, त्यातूनच आपली उधारी फिटते. गाठीमागे वाचलेले रुपये वसुलीत बुडाले तर हिशेब बरोबरीचाही राहत नाही.

ईदची गोष्ट याच्याशी लागूनच आहे. ईद चंद्राच्या हिशेबाने दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकते, कापूस जागचा हलत नाही. २०१५ आणि २०१६ साली रमजान ईद जुलैत आली, तेव्हा खेड्यातला पैसा बी-खतात अडकलेला होता. २०२६ ची ईद मार्चमध्ये, म्हणजे कापूस विकून झाल्यावर. त्या मोसमाची खरेदी कशी राहील याचा अंदाज मागच्या सप्टेंबरच्या पावसातच बांधता येतो.

आमचा व्यापारी बांधवांना सल्ला एवढाच की वर्षभराच्या सुताचा सौदा जुलैत एकदम करू नये. ऑगस्टअखेर एकदा आणि दसऱ्यानंतर एकदा, कापूस पट्ट्यातल्या आपल्याच दुकानदारांना विचारावे: पाते टिकले का, पहिल्या वेचणीचा कापूस कोरडा आहे का. ज्या तालुक्यात पीक गेले तिथली वसुलीची मुदत मार्चपर्यंत न्यावी आणि नवा माल थोडा थोडा द्यावा. दुकानदार टिकला तर पुढच्या दसऱ्याला माल आपल्याकडूनच नेईल.