शिक्षण परिषद शिक्षकांच्या स्वाधीन करा

स्त्रीसाक्षरतेत राष्ट्रीय सरासरीच्या मागे राहिलेल्या जिल्ह्यांसाठी केंद्र शासनाने १९९४ साली जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रम हाती घेतला, तेव्हा महाराष्ट्रातून पहिल्या टप्प्यात निवडल्या गेलेल्या पाच जिल्ह्यांत औरंगाबाद, नांदेड, लातूर आणि उस्मानाबाद यांच्यासमवेत परभणीचाही समावेश होता. हिंगोलीचा मुलूख त्या वेळी याच जिल्ह्यात मोडत होता. शिक्षकांच्या प्रशिक्षणाची व्यवस्था तालुक्याच्या आणि केंद्रशाळेच्या ठिकाणी रुजली ती त्या काळापासून. पुढे सर्व शिक्षा अभियान आले, २२ जून २०१५च्या शासननिर्णयाने प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र हा कार्यक्रम आला, २०१९ साली ‘निष्ठा’ ही प्रशिक्षणयोजना आली, महामारीच्या काळात तीच ‘दीक्षा’ या मंचावरून भ्रमणध्वनीवर अवतरली आणि २०२१ साली ‘निपुण भारत’ सुरू झाले. योजनांची नावे पालटली, पुस्तिकांचे रंग पालटले. परंतु या सर्व खटाटोपात शिक्षकाचे स्थान मात्र जेथे होते तेथेच राहिले. तो ऐकणारा, गटकार्याचा कागद भरणारा आणि हजेरीपटावर सही करणारा असा आहे. आपल्या प्रशिक्षणात कोणत्या प्रश्नाचा विचार व्हावा, हे ठरविण्याचा अधिकार त्याला कधी मिळालाच नाही. आणि माझ्या मते, इतक्या वर्षांच्या परिश्रमांचे व द्रव्याचे फळ अपेक्षेहून उणे का आले, याचे मुख्य कारण हेच आहे.

प्रशिक्षणाची प्रचलित पद्धती उतरंडीची आहे. एखादा घटकसंच दिल्लीत किंवा पुण्यात सिद्ध होतो. राज्यस्तरावरील तज्ज्ञ तो आत्मसात करतात, ते जिल्ह्याच्या साधनव्यक्तींना सांगतात, साधनव्यक्ती तालुक्याच्या सुलभकांना सांगतात, आणि अखेरीस पालम किंवा सोनपेठ तालुक्यातील शिक्षकापर्यंत तो पोहोचतो, तेव्हा ज्या चिंतनातून तो जन्मला त्या चिंतनाचे चैतन्य बहुतांशी वाटेतच विरलेले असते आणि हाती उरते ते पडद्यावरचे सादरीकरण, पूर्वचाचणी, उत्तरचाचणी आणि प्रमाणपत्र. यात सुलभकाला दोष देण्याचे कारण नाही. तोही एक शिक्षकच असतो. थोड्याच दिवसांपूर्वी स्वतः ऐकलेले त्याला इतरांना सांगावयाचे असते, आणि ऐकणाऱ्याने वर्गातली खरी अडचण पुढे मांडली, तर तिचे उत्तर त्याच्या पुस्तिकेत नसते आणि ते सर्वांनी मिळून शोधण्याइतका अवधी वेळापत्रकात ठेवलेला नसतो.

या अडचणी कोणत्या, हे परभणी जिल्ह्याचा भूगोल जाणणाऱ्यास सांगावे लागणार नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टानुसार प्राथमिक शाळेत साठ विद्यार्थ्यांपर्यंत दोन शिक्षक दिले जातात. त्यामुळे पहिली ते चौथीचे चार वर्ग दोघांनी वाटून घ्यावयाचे, हा वाड्यांवरच्या आणि तांड्यांवरच्या शाळांचा नित्याचा शिरस्ता आहे. घटकसंच मात्र बहुधा असा लिहिलेला असतो की, जणू एका शिक्षकासमोर एकच इयत्ता बसली आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास गंगाखेड, पालम, सोनपेठ, जिंतूर या तालुक्यांतली मुकादमाची उचल घेतलेली कुटुंबे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या कारखान्यांकडे निघतात. काही मुले हंगामी वसतिगृहाच्या आधाराने गावी राहतात, काही आईबापांबरोबर फडावर जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. पाच महिने पुस्तकापासून दूर राहिलेल्या तिसरीच्या मुलीला वर्गाच्या पुढच्या पाठाशी कसे जोडून घ्यावे, हा इथल्या शिक्षकाचा जिव्हाळ्याचा प्रश्न आहे. तांड्यावरचे मूल घरी गोरमाटी बोलते आणि शाळेत पहिल्याच दिवशी त्याला मराठी पुस्तक उघडावे लागते. उर्दू शाळेतल्या शिक्षकाला मराठीतून दिलेले प्रशिक्षण स्वतःच्या वर्गासाठी पुन्हा घडवावे लागते. हे प्रश्न किरकोळ नव्हेत. या जिल्ह्यातले शिक्षण यांच्यावरच उभे आहे किंवा अडले आहे.

शिवाय प्रशिक्षणाची किंमत कोण मोजते, याचाही विचार केला पाहिजे. कायद्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० आणि सहावी ते आठवीसाठी २२० कामाचे दिवस ठरवून दिले आहेत, आणि जनगणना, आपत्तिनिवारण व निवडणूक एवढी कामे वगळता शिक्षकाला अशैक्षणिक कामास लावण्यास मनाई केली आहे. अशा रीतीने जपलेल्या दिवसांतूनच जेव्हा प्रशिक्षणाचे दिवस काढले जातात, तेव्हा द्विशिक्षकी शाळेतला एक शिक्षक तालुक्याला जातो आणि दुसऱ्याच्या पदरी सारे वर्ग पडतात. तो मुलांना सांभाळू शकतो. शिकवू शकतो असे म्हणणे कठीण आहे. त्याच कायद्याने शिक्षकाचे आठवड्याचे ४५ तास सांगताना पूर्वतयारीचा वेळ त्यांत धरला आहे. या तरतुदीचा अर्थ स्पष्ट आहे: विचार करणे, वाचणे, उद्याच्या पाठाची जुळवाजुळव करणे, हे शिक्षकाच्या कामाचेच अंग आहे.

यात नवे असे मी काही सांगत नाही. कोठारी आयोगाने १९६६ सालीच असे सुचविले होते की, प्रत्येक शिक्षकाला दर पाच वर्षांत दोन ते तीन महिन्यांचे सेवांतर्गत शिक्षण मिळावे, आणि आसपासच्या शाळांनी माध्यमिक शाळेभोवती संकुल करून परस्परांचे साहाय्य घ्यावे. त्या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे शिक्षणाचा विचार खेड्यातल्या शाळेपासून करणारे गृहस्थ होते. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रत्येक शिक्षकासाठी वर्षाला किमान ५० तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा व्यक्त केली आणि त्याबरोबरच हा विकास शिक्षकाच्या स्वतःच्या आवडीने व गरजेने चालावा, असेही सांगितले. तासांचा हिशेब दफ्तरात मांडता येतो, म्हणून तो अंमलात उतरला. निवडीचे स्वातंत्र्य दफ्तरात मांडता येत नाही, म्हणून ते कागदावरच राहिले.

मराठवाड्याला तर स्वयंप्रेरित शिक्षकांची थोर परंपरा आहे. निजामी राजवटीत उच्च शिक्षणाचे माध्यम उर्दू असताना, मातृभाषेतून राष्ट्रीय शिक्षण देण्याच्या निश्चयाने ज्या शाळा या भूमीत उभ्या राहिल्या, त्या कोणत्याही सरकारी परिपत्रकाने उभ्या राहिल्या नव्हत्या. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेतृत्व करण्यापूर्वी स्वामी रामानंद तीर्थ हिप्परग्याच्या आणि पुढे अंबाजोगाईच्या शाळेत शिक्षक होते, हे आपण १७ सप्टेंबरला आदराने सांगतो. परंतु त्या पिढीतल्या शिक्षकांवर टाकलेला विश्वास आपण आजच्या शिक्षकांवर टाकतो काय, हा प्रश्न आपण स्वतःला विचारीत नाही.

असा विश्वास टाकला असता काय घडते, याचे उदाहरण महाराष्ट्राने अलीकडेच पाहिले. सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटमधील जिल्हा परिषद शाळांत विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांनी शिक्षकांना बरोबर घेऊन ज्ञानरचनावादाचा प्रयोग केला. अधिकारी शाळेत जावयाच्या त्या दोष टिपण्यासाठी नव्हे, तर मूल कसे शिकते हे शिक्षकाच्या शेजारी बसून पाहण्यासाठी. आणि शिक्षक जे करीत, ते एकमेकांना दाखवीत. पुढे राज्यभरातून शिक्षकांच्या तुकड्या कुमठ्याला जाऊन आल्या आणि अनेक शाळांच्या फरशा तक्त्यांनी व अंकांनी रंगल्या. रंगाची नक्कल करणे सोपे होते. त्या रंगामागे जो दीर्घकाळचा संवाद होता, तो मात्र एका दिवसाच्या भेटीत नेता येण्यासारखा नव्हता, आणि म्हणून पुष्कळ ठिकाणी फरशी रंगली तरी अध्यापन बदलले नाही.

पद्धती जेथे राबवावयाची तेथेच ती पारखली पाहिजे, हे समजण्यासाठी परभणीकरांना फार दूर जाण्याचीही आवश्यकता नाही. १९७२ साली येथे स्थापन झालेल्या कृषी विद्यापीठाने ‘परभणी मोती’सारखे रब्बी ज्वारीचे वाण दिले, ते या मातीत, या पावसात पुनःपुन्हा पारखून. येथल्या शिवारात न पारखलेल्या बियाण्याची शिफारस विद्यापीठ शेतकऱ्याला करीत नाही. मग येथल्या एकाही वर्गात न पारखलेली अध्यापनपद्धती येथल्या हजारो मुलांसाठी एकाच दिवशी लागू करण्याचा अधिकार कोणाला कसा पोहोचतो?

यावर उपाय शोधण्यासाठी नवी योजना नको, नवा निधी नको. दर महिन्याला केंद्रस्तरावर शिक्षण परिषद भरविण्याची प्रथा आपल्याकडे चालूच आहे. एका केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या, शाळांचे शिक्षक तीत एकत्र येतात. ते परस्परांना ओळखतात, एकमेकांच्या गावची मुले ओळखतात आणि त्यांच्या अडचणी समान असतात. परंतु तिचे विषयही बहुधा वरूनच ठरून येतात आणि तिचा बराच वेळ सूचना वाचण्यात व माहिती मागविण्यात जातो. ही परिषद शिक्षकांच्या स्वाधीन करावी. तिची विषयपत्रिका केंद्रातल्या शिक्षकांनीच आदल्या महिन्यात ठरवावी. प्रत्येक परिषदेत एखाद्या शिक्षकाने आपल्या वर्गातल्या मुलांच्या वह्या घेऊन यावे आणि मूल कोठे अडले, आपण काय केले, काय फळास आले व काय आले नाही, हे सहकाऱ्यांपुढे निःसंकोचपणे ठेवावे. परभणीच्या जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेतील अधिव्याख्यात्यांनी या परिषदेत सहाध्यायी म्हणून यावे, आणि तेथे सुचलेला उपाय पुढच्या महिन्यात त्याच वर्गात जाऊन शिक्षकाबरोबर पाहावा. प्रशासकीय सूचनांसाठी पत्र आणि दूरध्वनी पुरेसे आहेत. त्यांसाठी परिषदेचा वेळ खर्ची घालू नये. राज्यस्तरावरून जे प्रशिक्षण अवश्य द्यावयाचे, ते शाळा सुरू होण्यापूर्वी द्यावे किंवा द्विशिक्षकी शाळेत बदली शिक्षकाची तजवीज करूनच द्यावे.

यावर आक्षेप येतील, आणि ते ऐकून घेतले पाहिजेत. शिक्षकांवर सोपविले तर परिषद गप्पांत संपेल, असे काही अनुभवी अधिकारी म्हणतील. काही ठिकाणी तसे होईलही. परंतु आज हजेरीपट पूर्ण असूनही वर्ग बदलत नाही, ही हानी त्याहून लहान नाही, आणि वह्या समोर मांडून बोलणाऱ्या सहकाऱ्यापुढे उदासीन राहणे हे पडद्यासमोर उदासीन बसण्याइतके सोपे नसते. नवे ज्ञान मग येणार कोठून, असा दुसरा प्रश्न आहे. ते राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेकडून, पुस्तकांतून आणि तज्ज्ञांकडून अवश्य यावे. फक्त ते शिक्षकाच्या प्रश्नाचे उत्तर म्हणून यावे, कारण ज्याला प्रश्न पडला आहे त्याच्याच मनात उत्तर टिकते. तिसरा आक्षेप केंद्रातल्या शाळांची जबाबदारी असणाऱ्या केंद्रप्रमुखांविषयीचा आहे, आणि तो सर्वांत गंभीर आहे: पदे रिक्त ठेवून, किंवा एकाच व्यक्तीवर अनेक केंद्रांचा प्रभार टाकून, ही व्यवस्था चालणार नाही. शासनाने ही पदे भरावीत आणि ती भरताना कागदपत्रांत निपुण असण्याइतकेच वर्गात रमणारे मन उमेदवारापाशी आहे काय, हेही पाहावे.

जिल्हा परिषदेने येत्या जूनपासून एका वर्षापुरता तरी हा प्रयोग करावा. प्रत्येक तालुक्यातले एक केंद्र निवडावे, तेथील शिक्षण परिषदेची विषयपत्रिका शिक्षकांकडे सोपवावी, तेथून छायाचित्रे आणि ऑनलाइन लिंक यांचा तगादा काढून घ्यावा, आणि वर्षअखेरीस मुलांच्या वाचनात व गणितात काय फरक पडला, हे त्या शिक्षकांनीच लिहून काढलेल्या टिपणांतून व मुलांच्या वह्यांतून पाहावे. शिक्षकबंधुभगिनींनीही हा अधिकार मागताना त्याबरोबर येणारी जबाबदारी मान्य करावी. आपला वर्ग सहकाऱ्यांसाठी उघडा ठेवण्याची तयारी नसेल, तर स्वातंत्र्याची मागणी करण्याला नैतिक बळ राहत नाही. आणि पालकांनी शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत, गुरुजी प्रशिक्षणाहून परत आले की, त्यांना एवढेच विचारावे: आमच्या मुलांसाठी तेथून आपण काय आणले?